अडगळीतले भाऊजी

सामान बांधायला सुतळी कमी पडली, म्हणून ती भर दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार म्हातारा, ओळखीचा. गुंडा काढता काढता तो म्हणाला, "काय डॉक्टरीणबाई, निघालात म्हणे? मग माझ्या गुडघ्याकडं कोण बघणार?"

"काका, मी नदीच्या गाळात डॉक्टर झालेय. गुडघ्याला गाळाचा लेप लावायचा असेल तर सांगा."

म्हातारा हसला, तीही हसली. पण जिना चढताना तिचं हसू पायरीपायरीनं मावळत गेलं. वर नवरा खोकी बांधत असणार, आणि तोंडातून एक शब्द काढत नसणार, हे तिला ठाऊक होतं.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. तो पाट्या रंगवणारा. दुकानांची नावं, दवाखान्यांचे बाण, सगळं त्याच्या हातचं. दोस्ताबरोबर छोटंसं दुकान टाकलं होतं, आता कुठं नाव होत होतं. तेवढ्यात हिची पदवी झाली आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात नोकरी लागली. "जाऊ या," एवढंच तो म्हणाला आणि दुकान दोस्ताच्या हवाली करून आला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

पण त्या घरात भांडायचं नाही, असं ठरलेलं होतं. ती रीत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

अभ्यासाच्या पहिल्याच वर्षी तिच्या सरांनी तिचं लिखाण तिच्यादेखत बाजूला सारलं आणि तिनंच काढलेला मुद्दा स्वतःच्या नावावर छापला. ती घरी आली ती पेटलेलीच. नवऱ्यानं जेवायला हाक मारली, एवढंच निमित्त झालं. ताटल्या फुटल्या, दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्यांची उणीदुणी काढली. घरमालकीण वर आली आणि दारातूनच म्हणाली, "पुन्हा आवाज आला तर बोचकं बांधायचं." तसं स्वस्त घर दुसरं मिळणार नव्हतं.

तेव्हापासून असं ठरलं, की ज्याला राग येईल त्यानं अडगळीच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि तिथल्या लाकडी स्टुलाला काय ते सुनवायचं. दुसऱ्यानं तोवर मोरीतला नळ मोठा सोडून उभं राहायचं. कान द्यायचा नाही आणि नंतर विचारायचं नाही. गंमत म्हणून त्या स्टुलाला त्यांनी माणूस करून टाकलं. ती त्याला 'भाऊजी' म्हणे, म्हणजे तो सासरकडचा. नवरा त्याला 'मेहुणा' म्हणे, म्हणजे तो हिच्या माहेरचा. नको असलेला पाहुणा ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या पदरात घातलेला.

सगळी वर्षं भाऊजींनी ऐकून घेतलं. त्या बिनखिडकीच्या खोलीत नवऱ्याचे रंगाचे डबे असत, टर्पेंटाइनचा उग्र वास कोंडलेला असे, आणि त्या वासात दोघं आळीपाळीनं जाऊन जिभेवर येईल ते ओकून येत. बाहेर येऊन चहा पीत. लोक म्हणत, जोडपं असावं तर असं.

तर त्या दुपारी ती सुतळी घेऊन वर आली. नवऱ्यानं स्टूल दाराबाहेर काढून ठेवलं होतं. "हे राहू दे इथंच," तो म्हणाला. "पाय डुगडुगतोय. तिकडं नवं घेऊ."

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एवढ्या दिवसांनी तोंड उघडलं, ते यासाठी?

"स्वतःचं दुकान टाकून आलास, आता यालाही टाक! एवढी वर्षं ज्यानं ऐकलं त्याला उकिरड्यावर?" आणि ती स्टुलाकडं वळली, पदर सावरला, घरच्या माणसाला करावं तसं आर्जव करून म्हणाली, "चला हो भाऊजी. आमच्याबरोबरच राहायचं आता. चला, बसा गाडीत."

नवरा हसला नाही. स्टूल उचलून खाली घेऊन गेला.

नवं गाव गाठायला ट्रकला बरेच दिवस लागले. दोघं पुढं ड्रायव्हरशेजारी, ती खिडकीशी. मागं सामान, वर ताडपत्री. पोचल्यावर हमालांनी भराभरा कपाटं वर चढवली. मग एक हमाल घाम पुसत आला. "बाई, स्टुलात काय शिसं ओतलंय काय? दोघं लागलो उचलायला."

"थकलात तुम्ही," ती म्हणाली. "ठेवा त्या स्वयंपाकघरापलीकडच्या खोलीत."

ती खोलीही बिनखिडकीचीच निघाली.

तिचं कॉलेज सुरू झालं. नवरा रोज काम शोधायला जाई आणि रोज हात हलवत येई. तिथं सगळ्या पाट्या यंत्रावर छापून मिळत, हातानं रंगवून घेणारं कुणी नव्हतं. तो बोलत नसे. ती विचारत नसे. एका संध्याकाळी तिच्यानं राहवलं नाही. "मी जरा भाऊजींकडं जाऊन येते," ती म्हणाली. त्यानं नळ सोडला.

तिनं दार लावलं. आत टर्पेंटाइनचा वास होता. रंगाचे डबे तर ते जुन्या गावी दोस्ताला देऊन आले होते. ती स्टुलासमोर उभी राहिली, बोलायला तोंड उघडलं, आणि तिच्या आधीच अंधारातून कुणीतरी हळूच म्हणालं...

"हिच्या चिखलापायी माझे हात वाया गेले."

आवाज नवऱ्याचा होता. ती धडपडत बाहेर आली. नवरा मोरीशी पाठमोरा उभा होता, नळ धो धो वाहत होता.

"झालं?" त्यानं विचारलं.

"झालं."

खरं तर तेव्हाच त्या खोलीला कुलूप घालायला हवं होतं. पण रागाला एक वाईट भूक असते. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, मग रोजच जायला लागली. आपलं सांगायला नव्हे, ऐकायला. आणि ते स्टूल रोज काहीतरी नवं देत होतं. वर्षानुवर्षं नळाच्या आवाजाआड दडलेलं एकेक वाक्य, नवऱ्याच्याच आवाजात. ती बाहेर आली की नवरा आत जाई आणि पांढराफटक होऊन परत येई. घरात चहा होईनासा झाला. एकमेकांच्या ताटाकडंसुद्धा दोघं बघेनात.

मग एक दिवस, कलत्या उन्हाच्या वेळी, तिनं ऐकलं...

"हिची पदवी झाली की मी हिला सोडणार."

तिनं बाहेर येऊन बॅग काढली आणि कपडे कोंबायला लागली. नवरा दारात उभा राहिला.

"कुठं निघालीस?"

"तू सोडायच्या आधी मीच जाते. तुझे कष्ट वाचले."

"कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्याच माणसानं. माझे भाऊजी ना ते!"

त्याचा चेहरा आधी काळवंडला, मग लालभडक झाला. "असं होय? मग माझ्या मेहुण्यानंही मला सांगितलंय. 'हा मेला तरी चालेल, पण माझ्या प्रबंधाचा शेवटचा भाग पुरा होऊ दे.' कोण म्हणालं हे?"

ती थांबली. हातातली साडी तशीच राहिली. "मी," ती म्हणाली. "तू तापानं फणफणला होतास तेव्हा. पण सोडीन असं तू म्हणालास की नाही?"

"म्हणालो! शंभरदा म्हणालो! आणि नंतर खाली जाऊन तुझ्यासाठी शाई आणली!"

मग जे भांडण पेटलं ते विचारू नका. ना खोली, ना नळ, तोंडासमोर तोंड. एकेक वाक्य काढून ती दोघं एकमेकांच्या अंगावर फेकत होती. हे तू म्हणालास? म्हणालो. हे तुझं? माझंच. सरांचा राग माझ्यावर काढलास. काढला, दुसरं होतं कोण मला? दुकान माझ्यासाठी सोडलंस ते बोलून का नाही दाखवलंस? तू थांबली असतीस म्हणून! तिनं उशी भिंतीवर हाणली, त्यानं बॅग उलटी केली. घसे बसले. बाहेरचा उजेड गेला तरी दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

शेवटी बोलायचं उरलंच नाही. सांडलेल्या कपड्यांत दोघं शेजारी शेजारी बसली. तो डोळे पुसत होता, आणि तिला इतक्या वर्षांनी त्याच्या खांद्याला टेकावंसं वाटलं. ती टेकली. त्यानं खांदा काढून घेतला नाही.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

"नाही जात."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "सगळं पटलं मला तुझं. फक्त ते गाडीचं वाक्य तेवढं लागलं गं. मी तुला खिडकीशी बसवलं होतं."

"कुठलं गाडीचं?"

"तेच ना... 'सामानाखाली कोंडून आणलंत. तोंडावर गाद्या टाकल्यात. सगळी वाट मी हाका मारल्या.' रोज शेवटी तेवढंच येतं."

ती सरळ बसली. तिनंही ते ऐकलं होतं, रोजच, अगदी शेवटी. तिला ते नवऱ्याचं वाटलं होतं, मनातलं काहीतरी तो तसं बोलत असेल असं. पण गाडीत बसल्यापासून तो त्या खोलीत एक शब्द तरी बोलला होता का?

"ते मी नाही म्हणाले," ती म्हणाली. "आपलं बाकी सगळं जुन्या घरातलं. हे तर... इकडं आल्यावरचं आहे."

"मी पण नाही," तो म्हणाला. "आणि तो आवाज... माझा नाही. तुझाही नाही."

स्वयंपाकघरापलीकडं अंधार होता. टर्पेंटाइनचा वास आता त्यांच्यापर्यंत आला होता. दोघांचं सगळं बोलून संपलं होतं, घर अगदी शांत होतं. आणि त्या शांततेत, बंद दाराआड, वर्षानुवर्षं नुसतं ऐकत बसलेला माणूस बोलायला लागण्याआधी खाकरतो, तसं कुणीतरी सावकाश घसा खाकरला.