दोघांत एक थकवा

सोसणाऱ्यांच्या मांडवात बेचाळीस खाटा होत्या आणि शर्यत सुरू व्हायच्या आधीच सगळ्या भरल्या होत्या. बाहेर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या घरघरत होत्या. सायकलींच्या चेन तपासल्या जात होत्या, कुणी हेल्मेटचा पट्टा आवळत होतं. आत मांडवात शांतता होती. तिथली माणसं नुसती उताणी पडून वाट बघत होती. थोड्या वेळाने हीच माणसं धापा टाकणार होती, कुशीवर वळून कण्हणार होती, त्यांचे पाय भरून येणार होते. बाहेरचे लोक मात्र तीस किलोमीटर सायकल आणि बारा किलोमीटर डोंगर पळूनही न दमता परतणार होते.

हर्षदा तोडकरने कोपऱ्यातल्या खाटेशी वाकून संग्रामच्या कानामागची टिकली नीट चिकटली आहे ना, ते पाहिलं. कपाळावर लावतात तेवढीच ती चकती. म्हणून लोक तिला टिकली म्हणत. तसलीच एक हर्षदाच्या कानामागेही होती.

"दादा, नको वाटलं तर लगेच दाब हं. मला राग येणार नाही."

संग्रामच्या दातांत रबरी बटण होतं. त्याचे खांदे हलत, बोटं हलत नसत. म्हणून त्याचं बटण तोंडात. ते गालात सरकवून तो म्हणाला, "जा गं. सहा वर्षांनी पहिल्यांदा शर्यतीला आलोय. मला काय होतंय?"

सहा वर्षांपूर्वी संग्राम स्वतः डोंगरात सायकल हाकायचा. कासच्या उतारावर ओल्या दगडावरून चाक सटकलं, मान मोडली आणि छातीखालचं शरीर त्याला कायमचं परकं झालं. आईवडील नव्हते. कराडच्या घरात तो, हर्षदा आणि सकाळी येणाऱ्या सुमनमावशी. हर्षदा पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतींत भाग घ्यायची. नंबर यायचा विसावा, पंचविसावा. आपल्या अंगात एवढंच आहे, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं.

"तुझ्या अंगात पुष्कळ आहे. मेंदू तुला ते वापरू देत नाही," असं डॉ. सुनीती बर्व्यांनी तिला सांगितलं तेव्हा तिचा विश्वास बसला नव्हता.

बर्वे मॅडमनी सगळ्या आयुष्यात एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता: माणूस दमतो म्हणजे नेमकं काय होतं? दमणं स्नायूंत असतं, अशी सगळ्यांचीच समजूत. प्रत्यक्षात स्नायूंत बराच जोर शिल्लक असताना मेंदू 'आता बस' म्हणतो. पुढे धोका आहे, या अंदाजाने तो आधीच ब्रेक लावतो. थकवा म्हणजे मेंदूने शरीराला दिलेली सूचना. ती विजेच्या लहरींतून जाते, आणि लहर असली की ती वाचता येते, एकीकडे दाबता येते, दुसरीकडे उमटवता येते. एकाचा थकवा दुसऱ्याच्या मेंदूत उमटवण्याच्या या क्रियेला त्यांनी श्रमांतरण असं नाव दिलं होतं.

"आणि माझं शरीर?" हर्षदाने विचारलं होतं.

"शरीर तुझंच झिजणार. हृदय तुझं, गुडघे तुझे. जाते ती फक्त जाणीव. म्हणून तर बटण सोसणाऱ्याकडे असतं. त्याला असह्य झालं की तो दाबतो, थकवा तुझ्याकडे परत येतो आणि तू थांबतेस. दोन-अडीच तासांच्या पुढे सहसा कुणी टिकत नाही. ब्रेक काढून टाकलेला नाही, दुसऱ्याच्या हातात दिलाय."

पहिल्या शर्यतीत संग्रामने बटण दाबलंच नाही.

हर्षदा चढावर गिअर बदलत राहिली. मांड्या जळायची वाट बघत राहिली, पण त्या जळेनात. श्वास भात्यासारखा चालला होता. तो दुसऱ्याच कुणाचा असावा असं वाटत होतं. तिसऱ्या तासाला पुढचे एकेक गळायला लागले. कुणी सायकल टाकून बसलं होतं, कुणी उभ्या उभ्या ओकत होतं. त्यांच्या सोसणाऱ्यांनी हात टेकले होते. हर्षदा त्यांच्या बाजूने निघून गेली. ती चौथी आली.

मांडवात शिरली तेव्हा संग्राम घामाने निथळत होता. ओठ पांढरे पडले होते. ती घाबरून जवळ गेली, तर तो झोपला होता! तोंड उघडं, बटण उशीवर पडलेलं. अपघातानंतर गोळ्या घेऊनही दोन तासांच्या वर त्याला कधी झोप लागली नव्हती. त्या दिवशी तो गाडीत झोपला, घरी उचलून ठेवलं तरी झोपला आणि दुसऱ्या दिवशी सुमनमावशींनी अंग पुसायला घेतलं तेव्हा कुठे जागा झाला.

"हर्षे," तो म्हणाला, "पाय दुखतायत गं माझे." आणि हसता हसता रडायला लागला.

हर्षदाच्या डोळ्याला मात्र डोळा लागला नाही. तिला दमल्यासारखं वाटतच नव्हतं. तिने माळे झाडले, सायकल सुटी करून पुन्हा जोडली, ऑफिसात दोन दिवसांचं काम सकाळीच उरकलं. बर्वे मॅडमना फोन केला तर त्या म्हणाल्या, "होणारच. थकवा गेला की झोपही त्याचं बोट धरून जाते. आठवडाभरात बसेल घडी."

घडी काही बसली नाही. पण जावळीच्या शर्यतीत ती दुसरी आली. त्यानंतर तिला घरात बसवेना. जेवताना टाच आपटत राहायची. कुणी बोलत असलं तर वाक्य संपायच्या आत ती उठून उभी राहायची. सकाळी सराव, संध्याकाळी सराव, आणि प्रत्येक वेळी टिकली लावूनच. कारण ती निघाली की संग्राम खिडकीकडे मान वळवून शांत पडायचा, आणि ती परतेपर्यंत त्याला गाढ झोप लागलेली असायची. त्याचा चेहरा भरला. तो जेवण मागून घ्यायला लागला. शर्यतींचे नकाशे पडद्यावर लावून तिला सांगायचा, "इथं खडी आहे, आतल्या बाजूने घे. इथं जोर मार, मी आहे."

मी आहे. त्या दोन शब्दांवर तिने सगळा मोसम ओढला.

जानेवारीअखेरीस बामणोलीची शर्यत होती. आधी सायकल, मग पळणं, शेवटी शिवसागर जलाशयातून सात किलोमीटर कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची निमुळती होडी. पाणी निळंशार होतं, समोरून वारा होता. हर्षदा सगळ्यांच्या पुढे होती. मनगटावरचा नाडीचा आकडा दोनशेच्या जवळ गेलेला तिने पाहिला आणि हवामानाचा आकडा बघावा तसा बघून सोडून दिला. काठ आला, होडीतून उतरली, फीत छातीला लागली. पहिली! टाळ्या वाजत होत्या आणि ती पुढच्या चढाकडे बघत होती, अजून पळता येईल का म्हणून.

संध्याकाळी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली.

बर्वे मॅडमनी तपासण्या केल्या, एक दिवस सलाईनवर ठेवलं आणि मग पडद्यावर तिच्या हृदयाचं चित्र लावलं. एका जागी करडा पट्टा दिसत होता.

"हा व्रण आहे. स्नायू फाटून रक्तात उतरलेत, ते मूत्रपिंडं निस्तरतील. पण हा व्रण तसाच राहणार. छातीत दुखलं नाही तुझ्या?"

"मला काय कळणार मॅडम? मला काहीच कळत नाही."

"तुला नाही कळणार." त्यांनी टिकल्यांची नोंद उघडली. "दहा वाजून चाळीस मिनिटं. इथून पुढे अकरा मिनिटं वेदनेची रेघ अगदी वरच्या टोकाला टेकलीय. एवढ्यात कुणीही बटण दाबलं असतं. मी प्रयोगाला बसवलेले पैलवानसुद्धा यापेक्षा खाली ओरडले होते."

"दादाला शुद्ध नसेल."

"शुद्ध होती. तीही नोंद आहे." मॅडमनी चष्मा काढला. "चूक माझीही आहे, हर्षदा. ज्याच्याकडे ब्रेक द्यायचा त्याला थांबायची इच्छा असते, हे मी गृहीत धरलं होतं."

ती घरी आली. संग्राम खिडकीशी होता. तिने सरळच विचारलं.

"छातीत कळ आली होती तुला?"

त्याने मान खिडकीकडे फिरवली.

"आली होती."

"कशी?"

"दगड ठेवल्यासारखी. डाव्या खांद्यात शिरली. मला वाटलं, तू मरतेयस."

"आणि तू बटण नाही दाबलंस."

"दातांत धरलं होतं." त्याचा आवाज बारीक झाला. "दाबणार होतो. पण हर्षे, त्या दुखण्याला शरीर होतं गं. छाती होती, पोट होतं, पोटऱ्या होत्या. मी सगळाच्या सगळा तिथं होतो. म्हटलं, अजून एक मिनिट. मग आणखी एक. मग तू काठाला लागलीस."

शर्यतीपासून दोघांच्या टिकल्या तशाच होत्या. हर्षदाने त्याच्या कानामागची टिकली नखाने उचकटली, मग स्वतःची. त्याबरोबर दोन दिवसांचा अडलेला थकवा तिच्या अंगात शिरला. ती तिथेच, पलंगाच्या पायाशी फरशीवर कोसळली आणि तीस तास झोपली. मोसमाची शेवटची शर्यत महाबळेश्वरला झाली, ती तिच्याशिवाय.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

फेब्रुवारी सरला. संग्राम पुन्हा छताकडे बघत पडायला लागला. तो काही मागत नव्हता, आणि तेच तिला सोसवत नव्हतं. त्याचे गाल बसले. नकाशे बंद झाले. आणि हर्षदालाही झोप येईनाशी झाली. टिकली नाही, शर्यत नाही, दिवसभर काम करून घरी आली तरी अंग तडतडत राहायचं. ती गॅलरीत येरझाऱ्या घालायची. आत तो जागा, बाहेर ती जागी.

"मोसमभर सगळा थकवा बाहेर जात राहिला," बर्वे मॅडमनी समजावलं. "तुझ्या मेंदूने रोजच्या कामाचा बारीकसारीक थकवा तयार करणंच सोडून दिलंय. आता नेट लावून श्रम केलेस तरच तो बनेल."

"मग करते श्रम."

"हृदय चाळीस मिनिटांच्या वर परवानगी देत नाही. दिवसाला चाळीस मिनिटं, हळू सायकल. तेवढ्या थकव्यात एका माणसाची एक झोप होते."

हर्षदाने विचारलं, "अर्धा अर्धा नाही वाटता येणार? थोडा मला, थोडा दादाला?"

"करून बघितलंय. अर्ध्या थकव्याने कुणीच झोपत नाही. दोघंही कुशी बदलत राहाल."

"पुढे कधी बरा होईल माझा मेंदू?"

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. "तुझ्याआधी कुणी एवढं लांब गेलंच नव्हतं."

मग बहीणभावांनी ठरवलं. एक दिवस त्याचा, एक दिवस तिचा. रोज संध्याकाळी हर्षदा प्रीतिसंगमाच्या बाजूला चाळीस मिनिटं सायकल फिरवायची. त्याच्या दिवशी टिकली लावून. तो खिडकीशी पडल्या पडल्या पेंगायला लागायचा आणि ती कोरडी, टक्क डोळ्यांनी परतायची. तिच्या दिवशी टिकली ड्रॉवरमध्ये राहायची. पोटऱ्या भरून यायच्या, मान जड व्हायची आणि अंथरुणावर अंग टाकताना तिला असं सुख वाटायचं की पहिल्या नंबराची फीतही त्यापुढे काही नव्हती. दमायला मिळणं ही केवढी गोष्ट असते, हे तिला आता कळत होतं. त्याला ते सहा वर्षांपासून ठाऊक होतं.

मार्चमध्ये एका गुरुवारी ऑफिसात गडबड झाली. गढूळ पाण्याचे नमुने, वरिष्ठांची बोलणी, दिवसभर उभं राहणं. आदला दिवस तिचा होता, ती झोपली होती, तरी सगळा दिवस तिला संध्याकाळचेच वेध लागले होते. घरी येऊन तिने सायकलचे बूट चढवले. ड्रॉवरसमोर उभी राहिली. ड्रॉवर उघडला नाही.

"दादा, निघते," ती दारातूनच म्हणाली. "आजचा दिवस माझा ना?"

संग्रामने मान वळवली. त्याला करण्यासारखं दुसरं काही नव्हतं; दिवस, तास, सगळं त्याच्याकडे चोख असायचं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती बुटाच्या बंदाशी खेळत होती, मान खाली घालून.

"हो," तो म्हणाला. "तुझाच."

ती पायऱ्या उतरून गेली. चाळीस मिनिटं तिने नेटाने पायडल मारलं. घाम कानशिलांवरून ओघळला, मांड्या जळायला लागल्या आणि तिला फार बरं वाटलं. परत आली तेव्हा संग्राम डोळे मिटून पडला होता. झोपलेल्या माणसासारखा संथ श्वास घेत होता; थोडा जास्तच संथ.

हर्षदाने त्याच्या अंगावर चादर ओढली. तो झोपलेला नाही, हे तिला समजलं होतं. ती आपल्या खोलीत गेली, आडवी झाली आणि लगेच झोपली.

शुक्रवारी सकाळी त्याने विचारलं, "झोपलीस ना नीट?"

"हो."

"मग आज?"

त्याच्या डोळ्यांत लाल रेघा होत्या. तिने चहाचा कप त्याच्या तोंडाशी धरला आणि तो पिऊन होईपर्यंत तसाच धरून ठेवला. पाळीप्रमाणे आजचा दिवस तिचाच येत होता आणि कालचा त्याचा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"आज माझा," हर्षदा म्हणाली.

"बरोबर," संग्राम म्हणाला. "तुझाच."