जीनतची रजा

खंडाळ्याच्या एका बंद पडलेल्या हॉटेलात करोना सेंटर सुरू झालं, त्यानंतरच्या एप्रिलमधली गोष्ट. जीनत आतार नावाची सिस्टर मागच्या फाटकाशी उभी राहून एका अनोळखी माणसाला झापत होती. माणूस चाकणहून ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आला होता. नेहमीचा ड्रायव्हर आजारी पडला, म्हणून त्याच्या जागी हा. मास्क हनुवटीवर.

"नाक झाका," जीनत म्हणाली.

"सिस्टर, नाक झाकलं की मला श्वास घेता येत न्हाई."

"मग आत चला. श्वास घेता येत नाही म्हणजे काय, ते दाखवते."

त्याचं हसू तिथंच विरलं. त्यानं मास्क वर ओढला आणि सगळे सिलिंडर उतरवले. दुसऱ्या दिवशी आला तो एकावर एक दोन मास्क लावून. जाताना तिच्याकडे न बघता म्हणाला, "आज येतोय बगा श्वास... थोडा थोडा." पीपीई किटच्या आत, चष्म्यावर वाफ धरलेली असताना, जीनतला कितीतरी दिवसांनी हसू आलं. ते कुणाला दिसण्याची सोयच नव्हती, पण त्याला कळलं असावं.

त्याचं नाव इर्शाद मुलाणी, राहणारा सुदुंबऱ्याचा. लॉकडाउनच्या आधी कारखान्यांचा माल वाहायचा, आता सकाळी भरलेले सिलिंडर आणायचा आणि दुपारी रिकामे न्यायला परत यायचा. जीनतची ड्यूटी दोनला सुटे. घामानं चिंब झालेली ती स्वयंपाकघरामागच्या नळावर हात धुवायला येई, तेव्हा तो करंजाच्या सावलीत, सहा फूट अंतर राखून बसलेला असे.

"तुमच्या पाठीवर मार्करनं नाव लिवलेलं असतं, म्हणून वळखतो," तो एकदा म्हणाला. "समोरून समद्या सिस्टर सारख्याच."

"मग समोरून ओळखायला शिका."

"शिकतोय की. चालताना तुमी डावा खांदा जरा वर धरता."

जीनतनं नळ जरा जास्तच जोरात सोडला. त्या दिवसापासून डावा खांदा तिच्या फार ध्यानात राहू लागला.

ती पंचेचाळीस दिवस घरी गेली नव्हती. घर लोणावळ्यात, जेमतेम पंधरा मिनिटांवर. पण आईला दमा होता. आई, मेहमुदाबी, घरीच ब्लाऊज शिवायची. रोज फोनवर विचारायची, बरी आहेस ना? जीनत हो म्हणायची. ते खोटं होतं, आणि ते फक्त इर्शादला माहीत होतं.

त्याला ते कळलं अकरा नंबरच्या खाटेवरच्या नंदाबाईंमुळे. नंदाबाई तुंगार्लीच्या बंगल्यांत स्वयंपाक करायच्या. ऑक्सिजनवर असतानाही जीनतला विचारायच्या, पोरी, जेवलीस का. त्यांचा मुलगा व्हिडिओ कॉलवर असतानाच त्या गेल्या. फोन जीनतच्या हातात होता. पलीकडे तो म्हणत राहिला, आई, डोळे उघड... आणि जीनतला कॉल बंद करता येईना.

त्यानंतर तिची झोप उडाली. आंघोळ करतानाही कानात मॉनिटरचा आवाज वाजत राही. हात धुवून धुवून बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. करंजाखाली बसून हे सगळं तिनं इर्शादला सांगितलं आणि कुणाला सांगणार नाही असं वचन घेतलं. वॉर्डला चारच सिस्टर आहेत, मी घरी बसले तर तिघींनी काय करायचं, असं तिचं म्हणणं. इर्शादनं वचन दिलं. देताना तो जमिनीकडे बघत होता.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी नऊच्या सुमाराला, तो सिलिंडर उतरवत असताना जीनत मागच्या दारातून बाहेर आली. ड्यूटीची वेळ, अंगावर पूर्ण किट, हातात ट्रे आणि ट्रेमध्ये भरलेली सिरिंज. ती उन्हात येऊन नुसती उभी राहिली.

"सिस्टर, कुणाचं इंजेक्शन हाय हे?"

तिनं ट्रेकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. "इन्सुलिन... सहा नंबरचं." थोड्या वेळानं म्हणाली, "दिलं की नाही, ते आठवत नाही."

इर्शादनं हातातला सिलिंडर खाली ठेवला. तो सरळ ऑफिसच्या खिडकीशी गेला आणि इन्चार्ज यशोधरा सिस्टरना हाक मारली. त्या पन्नाशीच्या, सगळ्यांना धाकात ठेवणाऱ्या. त्यांनी सहा नंबरची शुगर तपासायला लावली, तर ती खाली उतरलेली. म्हणजे इन्सुलिन देऊन झालं होतं. हे दुसरं होतं. दिलं गेलं असतं तर माणूस हातचा गेला असता.

मग इर्शादनं यशोधरा सिस्टरना सगळंच सांगितलं. झोपेचं, कानातल्या आवाजाचं, बोटांचं. जीनत तिथंच उभी होती.

"मी तुमच्यावर भरवसा ठेवला होता," एवढंच ती म्हणाली.

"व्हय. ठेवलावता," इर्शाद म्हणाला. "मोडला मी."

त्याच दुपारी तिला सक्तीच्या रजेवर पाठवलं. यशोधरा सिस्टर रागावल्या नाहीत, उलट स्वतःच्या डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, हे मलाच दिसायला हवं होतं. पण जीनतला त्यातलं काही ऐकू आलं नाही. चाचणी करून ती घरी आली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. गल्लीत कुजबुज झालीच, सिस्टर घाबरून पळून आली म्हणून. मेहमुदाबींनी शिलाई मशीन लेकीच्या खोलीत हलवलं आणि दारावर येणाऱ्यांना परस्पर वाटेला लावलं.

तळेगावच्या मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर अनघाताई फोनवर बोलायच्या. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि समजावलं, की तुझं शरीर इतके दिवस पहाऱ्यावर उभं आहे की पहारा उतरवायचं ते विसरून गेलंय. त्यात भित्रेपणा कसला. पहिल्या आठवड्यात जीनतला ते पटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात नंदाबाईंचं नाव घेताच ती रडली, तासभर रडली, आणि त्यानंतर सलग नऊ तास झोपली.

इर्शादनं एकदाही फोन केला नाही. फक्त रोज सकाळी त्याचा मेसेज यायचा : 'गाडी पोचली. सगळे सिलिंडर उतरवले.' माफी नाही, विचारपूस नाही. वॉर्डला ऑक्सिजन आहे, एवढं तिला कळावं म्हणून. जीनत मेसेज वाचायची, उत्तर द्यायची नाही. पण नऊ वाजले की फोन उशाशी ओढून घ्यायची.

जूनमधल्या एका गुरुवारी मेसेज आला नाही.

साडेनऊ झाले. दहा. तिनं फोन लावला, तर बंद. बाहेर धुकं इतकं, की समोरचं घर दिसेना, आणि अशा धुक्यात त्याचा टेम्पो... तिनं ओढणी घेतली, आईला फक्त "येते" म्हणाली आणि रिक्षानं खंडाळा गाठलं. मागचं फाटक ढकलून ती आत गेली.

टेम्पो उभा होता. इर्शाद पायरीवर बसला होता, हात मांडीखाली दाबून. यशोधरा सिस्टरनी सांगितलं ते असं : कामशेतच्या खिंडीत त्यानं गाडी कडेला घेतली ती घेतलीच. हात थरथरायला लागले, स्टेअरिंग धरवेना. शेवटी दुसऱ्या ड्रायव्हरनं गाडी इथवर आणली.

ते ऐकून जीनतनं बाजूला जाऊन एक फोन केला आणि मग त्याच्या शेजारी येऊन बसली. सहा फूट सोडून नाही; शेजारी.

"मला काय झालेलं न्हाई," तो म्हणाला.

"मीही हेच म्हणत होते."

मग तो हळूहळू बोलू लागला. एप्रिलमध्ये दुसऱ्या एका दवाखान्यात तो पोचला तेव्हा दारात लोक टेम्पोकडे धावत आले होते, आणि एक बाई तेवढी धावली नव्हती. नुसती बघत राहिली होती. तिच्या माणसासाठी त्याला उशीर झाला होता. "रोज खिंडीत ती मला दिसती," इर्शाद म्हणाला. "कुणाला सांगू? मी काय डाक्टर न्हाई, नर्स न्हाई. मी निस्ता ड्रायव्हर."

"मी अनघाताईंना फोन केलाय," जीनत म्हणाली. "उद्या अकराला बोलावलंय."

"मला न इचारता?"

"हो. राग आला असेल तर धरा."

त्यानं पहिल्यांदा वर पाहिलं. "किती दिस धरायचा असतो?"

"मी पंचवीस दिवस धरला."

"बाप रे... मला येवढा न्हाई जमायचा." आणि मग अगदी हळू, "जीनत... तुमी चिडल्यावर मी रोज गाडी रिकामी करायचो, आन् मलाच श्वास पुरायचा न्हाई."

तिनं त्याचा मांडीखाली दाबलेला हात बाहेर काढला आणि आपल्या हातात धरला. तो थरथरत होता. थांबेपर्यंत तिनं सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं एसटीनं तळेगावला गेले. दवाखान्यात तीनच खुर्च्या, मधल्या खुर्चीवर फुली मारलेली. ते फुलीच्या दोन बाजूंना बसले. इर्शादचा पाय सारखा हलत होता; दोनदा तो उठला, परत जाऊ म्हणाला, आणि दोनदा तिनं नुसतं पाहिलं तसा खाली बसला. मग काउंटरवरच्या बाईंनी त्याचं नाव पुकारलं आणि विचारलं, पेशंटबरोबर नातेवाईक कोण आहे?

इर्शाद अडखळला. "न्हाई, त्या..."

"मी आहे," जीनत उठून म्हणाली.

"नातं काय लिहू?"

इर्शादचा हलणारा पाय थांबला. जीनतनं त्याच्याकडे पाहिलं, मग काउंटरकडे. मास्कमुळे आवाज दबेल म्हणून तिनं ते मुद्दाम स्पष्ट सांगितलं.

"होणारी बायको लिहा."