विंगेतून आलेलं वाक्य

"इतका उशीर? तुझी वाट बघून बघून माझे केस पांढरे झाले!"

दार ढकलून ती आत येते न येते तोच हे वाक्य अंगावर आलं. समोर साठीचा एक उंच गृहस्थ दोन्ही हात पसरून थेट तिच्याकडे बघत होता. तिच्या हातातली छत्री टिपटिप गळत होती, चष्म्यावर पावसाचे थेंब होते, आणि हा कोण परका माणूस आपल्याला एकदम 'तू' म्हणतोय, हेच तिला कळेना.

"उशीर कुठला? साडेपाचची वेळ दिली होती," ती ठणकावून म्हणाली. "आत्ता पाच एकोणतीस झालेत. आणि तुमच्या केसांचं खापर माझ्यावर नको."

खोलीत एकच हशा पिकला. कोपऱ्यात गळ्यात शिटी अडकवलेली एक ठेंगणी बाई तर टाळ्याच वाजवायला लागली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं... ही नाटकाची तालीम होती. विणकामाचा वर्ग वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, आणि ती आपल्याच तंद्रीत तिसऱ्यावर चढून आली होती.

"माफ करा हं," तो गृहस्थ ओशाळून म्हणाला. "आमची नायिका आज आली नाही, म्हणून दारालाच बायको समजून बोलत होतो. तेवढ्यात तुम्ही आलात."

"मग दाराचीच माफी मागा," ती म्हणाली आणि वळली.

पण पाय निघेना. विणकाम तिला मनापासून नकोच होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यापासून गेले दोन महिने जो तो एकच सांगत होता — आता नातीसाठी छान स्वेटर विणा. जणू निरोपसमारंभातच तिच्या हातात सुया दिल्या होत्या.

मागे त्या गृहस्थाचं नाटक पुन्हा सुरू झालं आणि दोन वाक्यांत अडलं. "समुद्र म्हणजे... समुद्र म्हणजे काय बरं..."

"'समुद्र म्हणजे न बोलणारा शेजारी. भांडायचं तरी कुणाशी?'" ती दारातूनच म्हणाली. "जिना चढत होते तेव्हा म्हणालात ना."

शिटीवाल्या बाई पुढे आल्या. त्या शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या, आणि आता या हौशी मंडळींच्या दिग्दर्शक. "एकदा ऐकून पाठ झालं? तुम्ही करता काय हो?"

"कोर्टात स्टेनो होते. पस्तीस वर्षं."

"विणकाम गेलं खड्ड्यात," पीटीच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी संहितेची फाईल तिच्या हातात कोंबली. "आमच्या या हिरोला दर तिसऱ्या वाक्याला ठेच लागते. तुम्ही आजपासून आमच्या प्रॉम्प्टर."

अशी ती विंगेत जाऊन बसली.

पस्तीस वर्षं तिनं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं होतं. वकिलांचं, साक्षीदारांचं, न्यायाधीशांचं. कुणी रडलं तरी लिहायचं, कुणी खोटं बोललं तरी लिहायचं, आपल्या कपाळावर आठीसुद्धा उमटू द्यायची नाही. नवरा गेला त्याला चौदा वर्षं झाली, मुलगी शिकली, लग्न होऊन दोन तासांवरच्या गावी गेली. त्या सगळ्या धावपळीत स्वतःचं असं काही बोलायची वेळच आली नाही. आली असती तरी काय बोलायचं, ते तिला सुचलं नसतं.

इथे मात्र मजाच होती. एक छोटं स्टूल, एक टॉर्च आणि मांडीवर संहिता. ती नुसते ओठ हलवायची आणि रंगमंचावरच्या माणसाला वाचा फुटायची. तालमीनंतर सगळे मिळून भाजलेले शेंगदाणे खायचे, एकमेकांच्या नकला करायचे. ती न्यायाधीशांची नक्कल इतकी हुबेहूब करायची की पीटीच्या बाईंना हसता हसता ठसका लागायचा. आपल्याला नकला येतात, हे तिला अठ्ठावन्न वर्षं माहीतच नव्हतं!

आणि तो गृहस्थ... त्याचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. सगळे त्याला चष्मेवाले म्हणत. बहिणींची लग्नं करता करता त्याचं स्वतःचं राहूनच गेलेलं. तालीम संपली की बसस्टॉपपर्यंत दोघं बरोबर चालायची. छत्र्या दोन असायच्या. पण का कोण जाणे, त्याची छत्री हल्ली उघडायचीच नाही.

"बिघडलीय," तो म्हणायचा.

"काल तर नीट उघडत होती."

"तुमच्या लक्षात राहतं सगळं, हीच पंचाईत आहे. माझं एखादं वाक्य तरी विसरा ना."

"कुठलं ते सांगा, विसरते."

"परवा मी म्हणालो होतो, की निळा रंग तुम्हाला शोभून दिसतो."

"शोभून नाही. 'बरा दिसतो' म्हणालात."

"बरा?" तो रस्त्यातच थांबला. "फक्त बरा? मग चुकलंच माझं. खोडा ते."

"एकदा नोंदवलेलं खोडता येत नाही," ती म्हणाली. आणि तोंड फिरवून, एकटीच, गालातल्या गालात हसली.

मुलीला मात्र ती यातलं काही सांगत नव्हती. मुलीची रजा महिनाअखेरीला संपत होती. आठ महिन्यांच्या चिमणीला कोण बघणार? म्हणून ठरलं होतं, की आजीनं एक तारखेला घर सोडून कायमचं तिकडे राहायला जायचं. ठरवलं कुणी, तर दोघींनी. पण फोनवर मुलीनं विचारलं, "आई, स्वेटर कुठपर्यंत आला?" की "बाही चाललीय," ती ठोकून द्यायची. ती बाही सहा आठवडे चालली होती.

प्रयोगाच्या आठवडाभर आधी पीटीच्या बाईंनी फर्मान काढलं. "विंगेत अंधार असतो. तुमचा चष्मा बदलून घ्या. दुकान आपलंच आहे."

दुकान अरुंद होतं, पण लख्ख. तिन्ही भिंतींवरून चष्मेच चष्मे टकामका बघत होते. त्यानं तिला उंच खुर्चीवर बसवलं, छोटी पट्टी घेतली आणि तिच्यासमोर वाकला.

"माझ्याकडे बघा... कानाकडे नाही, माझ्याकडे."

"बघतेय की."

"आता पापणी हलवू नका. दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचंय." त्याचा श्वास तिच्या कपाळाला लागत होता. हाताला काच पुसायच्या कापडाचा स्वच्छ वास होता. "तीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांत बघतोय. पोटासाठी बघतो. पण आज आकडाच दिसत नाहीये."

"चष्मा बदलून घ्या. दुकान आपलंच आहे," ती म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. आणि त्या हसण्यात, का कुणास ठाऊक, तिनं सांगून टाकलं — एक तारखेला मी जाणार आहे... मुलीकडे. कायमची.

पट्टी हवेतच राहिली.

"कायमची म्हणजे... नाटक झालं की लगेच?"

"नाटक झालं की तिसऱ्या दिवशी."

"असं," तो म्हणाला. मग पुन्हा वाकून, मन लावून, त्यानं अंतर मोजलं. "बासष्ट मिलिमीटर." कागदावर लिहिताना मान काही वर केली नाही.

त्या दिवशी ती बसस्टॉपवर एकटीच गेली.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी मुलगी चिमणीला घेऊन आली. आईचं सामान बांधायला. केस कसेबसे बांधलेले, खांद्यावर दुधाचा डाग, डोळ्यांखाली काळं. तिला बघून आईनं आधी चिमणीला आपल्याकडे घेतलं. सामानात ना लोकर निघाली ना सुया, निघाली ती नाटकाची संहिता, आणि विणकामाचं खरं-खोटं तिथेच उघडं पडलं. मुलगी म्हणाली, "मी येणार बघायला. चिमणीला घेऊन, दाराशी उभी राहीन."

नाटक एका दीपगृहाच्या रखवालदाराचं होतं. एकटेपणाला कंटाळून बायको त्याला सोडून निघते, आणि तो तिला अडवत नाही, एवढीच गोष्ट. त्या संध्याकाळी तो एकदाही अडला नाही. तिला ओठ हलवायची वेळच आली नाही. शेवटचा प्रवेश आला. बायको बोचकं घेऊन दाराशी. आता त्यानं म्हणायचं होतं, "जा तू. बोट थांबलीय."

तो हळूहळू वळला. बायकोकडे नाही, विंगेकडे.

"जाऊ नका," तो म्हणाला. "मला ठाऊक आहे, तिकडे तुमची वाट बघणारं कुणीतरी आहे. तरीपण... तुमच्यामुळे इथे संध्याकाळ होते. नाहीतर नुसताच अंधार पडायचा."

ती स्टुलावरून अर्धी उठली. गेला! हा वाक्य विसरला, आणि आता मनाला येईल ते बोलत सुटलाय! तिनं टॉर्चच्या उजेडात बोट ठेवलं आणि कुजबुजली, "जा तू. बोट थांबलीय."

तो नुसता बघत राहिला.

तिनं आवाज चढवला. साक्षीची नोंद वाचून दाखवताना लागायचा तो, स्वच्छ, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. "जा तू! बोट थांबलीय!"

त्याचा चेहरा क्षणभर कसासाच झाला. मग तो बायकोकडे वळला आणि पार थकलेल्या आवाजात म्हणाला, "जा तू. बोट थांबलीय."

प्रेक्षकांत कुणीतरी नाक ओढलं. पडदा पडला. टाळ्या थांबेनात. पीटीच्या बाई तर आनंदानं शिटीच फुंकायला लागल्या.

ती स्टुलावरच बसून होती. काहीतरी खटकत होतं. रखवालदार बायकोला सबंध नाटकभर 'तू' म्हणतो. मग 'तुमची' कुणाची? आणि बायकोची तर कुणीच कुठे वाट बघत नसतं...

तिनं तोंडावर हात ठेवला.

"आई." मुलगी झोपलेल्या चिमणीला खांद्यावर घेऊन विंगेत आली होती. "तो माणूस तुझ्याशी बोलत होता."

"काहीतरीच."

"सगळ्यांना कळलं, आई. तू सोडून. आणि तू त्याला ओरडून 'जा' म्हणालीस!" मुलगी हसत होती, पण हसता हसता तिचे डोळे भरले. "सहा आठवडे बाही विणत होतीस... मला सांगायचं नाही?"

"तुझी रजा संपतेय. तुला झेपणार नाही एकटीला, म्हणून मी हो म्हटलं."

"आणि तू इथे एकटी कुढत बसशील, म्हणून मी हट्ट धरला," मुलगी म्हणाली. मग नाक पुसलं. "खरं सांगू? मला तू लागतेसच. उगाच मोठेपणा नाही करत. पण सातही दिवस नको. तीन दिवस तू ये, दोन दिवस तिचे बाबा घरून काम करतील. त्यांनाही कळू दे लंगोट म्हणजे काय!"

तिनं मुलीच्या विस्कटलेल्या केसांवरून हात फिरवला. मग झोपलेल्या चिमणीचा पाय हलकेच दाबला, आणि उठली.

रंगपटात तो आरशासमोर बसून चिकटवलेली दाढी ओढून काढत होता. आरशात ती दिसली तशी अर्धी दाढी हनुवटीवर तशीच लोंबत राहिली.

"मी चुकीचं वाक्य दिलं," ती म्हणाली.

"छे, छे. संहितेत तेच आहे."

"संहितेत आहे. पण ते माझं नव्हतं."

"मग तुमचं काय आहे?" त्यानं फार हळू विचारलं.

समोर कागद नव्हता. कुणी आधी बोललेलं नव्हतं. तिनं पदराशी चाळा केला, भिंतीकडे बघितलं, पुन्हा त्याच्याकडे... आणि एकदाचं आलं, जरासं कापत, पण अगदी तिचं स्वतःचं.

"मला तुम्ही आवडता. खूप. नुसते 'बरे' नाही."

तो उठून उभाच राहिला. लोंबणारी दाढी त्यानं एका झटक्यात ओढून काढली. "पण... तुम्ही तर जाणार ना?"

"सोमवारी सकाळी जाते, बुधवारी संध्याकाळी परत येते. गुरुवार मोकळा आहे."

"आणि शुक्रवार?"

"तोसुद्धा."

"शनिवार, रविवार?"

"अहो," ती हसून म्हणाली, "पुढचं सगळं आयुष्य असं उभ्या उभ्या ठरवायचं का?"

"नाही, नाही," त्यानं घाईघाईनं शेजारची खुर्ची ओढली, हातानं झटकून साफ केली. "बसून ठरवू. सावकाश."

ती बसली.