मामाचा अडकणारा काटा

माझी ताई विमानासकट डोंगरावर आदळली.

असं काहीही घडलेलं नाही, असं आमच्या ऑफिसने लेखी कळवलंय. तुम्हीही तसंच धरून चाला. मी मात्र तिथे होतो आणि यातला शब्दन् शब्द खरा आहे.

विमान प्लायवूडचं होतं. आम्ही सिम्युलेटर बनवतो. शिकाऊ पायलटांनी खऱ्या विमानात मरू नये म्हणून खोट्यात मरायची सोय. जागा, तिसऱ्या मजल्यावरची बिनखिडकीची खोली. वेळ, गेल्या आठवड्यातली भर दुपार. भुतांना रात्र लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमचं ऑफिस पाहिलेलं नाही.

तबकड्या मी बनवतो. उंची दाखवणारी तबकडी आधी मामाने सांगितली तशी केली होती. मामा म्हणजे आईचा सख्खा भाऊ, निवृत्त पायलट, आमचा सल्लागार. त्याचा काटा बारीक, थरथरता आणि खाली येताना मध्येच अडकणारा. मग काचेवर नखाने टकटक करायची, की काटा खऱ्या जागी येतो. जुन्या विमानांत तसंच होतं म्हणे. ताई शिकते ते विमानही जुनंच.

साहेबांना ते पटलं नाही. साहेब विमानात बसले की डोळे मिटून हातातली पिशवी घट्ट धरतात. तेवढ्या अनुभवावर त्यांनी ठरवलं की गिऱ्हाइकाला वाचता आलं पाहिजे. मी काटा जाड केला, आकडे भिंतीवरच्या घड्याळाएवढे केले, अडकणं काढून टाकलं. साहेबांनी पाठ थोपटली.

मामा एवढंच म्हणाला, "अडकलेला काटा फार छान दिसतो रे. अगदी स्थिर. पोरांना त्याचीच भीती वाटायला हवी."

मी म्हटलं, "मामा, तुझ्या काळी बैलगाडीसुद्धा थरथरायची."

पुढच्याच महिन्यात मामा गेला.

ताई त्याची लाडकी भाची. पायलट व्हायचं खूळ त्यानेच घातलेलं. येत्या सोमवारी ती खऱ्या विमानात पहिल्यांदा एकटी उडणार, म्हणून सरावाला आली. मी बाहेरच्या टेबलावरून बघत होतो.

ती ढगांतून उतरायला लागली. माझ्या स्क्रीनवर उंची कमी होत होती...

तिचा काटा हलत नव्हता.

जाड, ठसठशीत, सुवाच्य काटा.

मग आवाज आला... टक... टक...

काचेवर नखाचा.

आमच्या तबकडीला काच नाही. मॉनिटरवर काढलेलं चित्र आहे ते.

"टकटक कशाला करतोयस?" ताईने आतून विचारलं.

"मी बाहेर आहे," मी म्हटलं.

काटा धाडकन खाली आला. ढग फाटले...

समोर डोंगर होता.

ताई बाहेर आली नाही. आतूनच म्हणाली, "पुन्हा लाव."

पुन्हा तोच ढग. काटा पुन्हा अडकला. या वेळी तिने स्वतः मॉनिटरवर नख वाजवलं...

आवाज काचेचा आला.

काटा सुटला. ताईने विमान वर खेचलं. डोंगर खालून गेला.

उतरल्यावर ती म्हणाली, "शेजारची सीट गरम आहे. हात लावून बघ."

मी लावला नाही.

साहेबांनी माझा कोड तपासायला लावला. अडकणं त्यात कुठेच नव्हतं, मीच खोडलं होतं. म्हणून ते पत्र. साहेबांचं एक बरं आहे, जे त्यांना वाचता येत नाही ते घडतच नाही.

ताई हसते. मला मात्र झोप नाही. म्हणून हा अर्ज.

सदर सोमवारी दिवंगत सल्लागारांनी खऱ्या विमानातील शेजारच्या सीटवर उपस्थित राहावे. वजनाच्या हिशेबात त्यांना शून्य धरण्यात येईल. नियमानुसार विमानात एकच व्यक्ती असणे आवश्यक असल्याने त्यांनी कोणालाही दिसू नये, ही नम्र विनंती.