घेतलं म्हण

कासुबाचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो फोनवर, आणि ती चिडलेली होती.

मी लुसाकाच्या रक्तपेढीचे संगणक सांभाळत होतो. आमच्याकडे वीज गेली, आग लागली, काहीही झालं तरी कुठल्या इस्पितळात कोणतं रक्त आहे ते कळत राहावं, म्हणून दूर किटवे शहरात तशीच दुसरी खोली उभी केली होती. तिथं ती. तालमीच्या दिवशी मी काम तिच्याकडे सोडायचं, ते नीट उचललं गेलं की तिनं "घेतलं" म्हणायचं, आणि मगच मी इकडची यंत्रं बंद करायची. संध्याकाळी काम पुन्हा लुसाकाला यायचं.

"घेतलं का?" मी विचारलं.

"नाही."

"पडद्यावर तर हिरवं दिसतंय."

"तुमच्या पडद्यावर. बा मुकुका, एवढी घाई असेल तर मिनीबस चालवायला जा."

आदराचं 'बा' लावून असा टोमणा ऐकून मी हसलो. ती नाही हसली. एकेका इस्पितळाचा साठा उघडून पाहिला... आणि मग हळूच म्हणाली, "घेतलं."

पुढं मी कारण नसतानाही फोन करू लागलो.

"आज तालीम नाहीये," ती म्हणायची.

"माहीत आहे. लाइन चालू आहे का बघत होतो."

"चालू आहे." — थोडं थांबून — "उद्याही बघा."

शेवटी यंत्रं तपासायचं निमित्त काढून किटवेला गेलो. यंत्रांच्या त्या गार खोलीत ती चितेंगेचं रंगीत कापड खांद्यावरून लपेटून बसली होती.

"फोनवर उंच वाटला होतात," ती म्हणाली.

"तुम्ही फोनवर रागीट वाटला होतात."

"ते खरं आहे."

खोलीत खायला बंदी होती. बाहेरच्या पायरीवर, पावसाचे शिंतोडे चुकवत, तिनं डब्यातला चिकांडा, कंद-शेंगदाण्यांचा घट्ट वडा, कापला. मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि लगेच दुसरीकडे बघायला लागली.

आमच्या रीतीप्रमाणे मागणी घालायला मी काकांच्या हाती झाकलेलं ताट तिच्या घरी पाठवलं. ताट परत आलं तर नकार. दिवसभर मी कामात चुका करत होतो. मग तिचा फोन आला.

"काका निघाले."

"आणि ताट?"

"थांबा... तपासते."

मी टेबलाची कड धरून उभा राहिलो.

"घेतलं," ती म्हणाली.

लग्न होऊन ती लुसाकाला आली. लुकुंडो झाली. लेक चालायला लागली आणि कासुबाच्या रक्तातच आजार निघाला. कुठल्या इस्पितळात किती पिशव्या आहेत ते मला बसल्या जागी दिसायचं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

शेवटच्या दिवशी मी तिच्या खाटेशी बसलो होतो. ती एकेक सांगत होती.

"लुकुंडोला भेंडी आवडत नाही, जबरदस्ती करू नकोस. झोपताना तिला कान धरू दे, त्याशिवाय ती झोपत नाही. माझ्या आईला रविवारी फोन करत जा, ती स्वतःहून करायची नाही..." तिला धाप लागली. "घेतलं म्हण."

मी बोललो नाही. पलीकडून "घेतलं" येईपर्यंत अलीकडचं बंद करायचं नाही, हा आमचा नियम होता. मी म्हटलंच नाही तर ती जाणार नाही, असं माझ्या डोक्यात बसलं. शहाण्या माणसाचा विचार नव्हे तो. पण मी तोंड मिटून बसलो. दुपार सरली. तिचा प्रत्येक श्वास मला ऐकू येत होता.

"मुकुका," ती म्हणाली, "मी दमले रे..."

मी तिच्याकडे पाहिलं. खरंच दमली होती.

"घेतलं," मी म्हटलं.

"तपासलंस?"

"हो."

तिच्या ओठांच्या कडा थोड्या हलल्या. "खोटं. तुझा आवाज कळतो मला." मग तिनं माझा अंगठा मुठीत धरला. "चालेल."

ती मूठ मग सुटत गेली.

लुकुंडो आता माझा कान धरून झोपते. रविवारी मी किटवेला फोन करतो. सासूबाई रडतात, मी ऐकतो. रक्तपेढीच्या तालमी होतात. सगळं चालू आहे, असं लोक म्हणतात. त्यांच्या पडद्यावर हिरवं दिसत असेल.

पण संध्याकाळ झाली की मी दाराकडे बघतो. तालमीत या वेळेला सगळं जिथलं तिथं परत जायचं. ती येईल, म्हणेल, दे इकडे, तुला जमत नाहीये... अंधार पडेपर्यंत मी थांबतो. मग उठून रात्रीच्या न्शिमाला, मक्याच्या पिठाच्या उकडीला, पाणी ठेवतो.