सामाईक रस्त्यावरचा निरोप

दशरथराव साळवे त्या दिवशी कसबा पेठेत गेले होते, ते पितळी पाटी आणायला. तांबट आळीतल्या एका कारागिराकडे त्यांनी ती आधीच सांगून ठेवली होती. नावाच्या खाली काही घालायचं का, निवृत्त अमुक तमुक, असं त्यानं विचारलं. दशरथराव म्हणाले, नाव पुरे आहे. पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून मिळाली. पिशवी जवळ होती, पण त्यांनी ती पिशवीत टाकली नाही. रिक्षात बसले तरी छातीशी धरून बसले.

माणूस खडकीच्या दारूगोळा कारखान्यात राबून निवृत्त झालेला. सगळा संसार क्वार्टरमध्ये झाला. क्वार्टरच्या दारावर नंबर असतो, नाव नसतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी कुणाला तरी विचारावं लागतं. त्यांचे वडील या शहरात आले तेव्हा दुसऱ्याच्या पडवीत झोपले होते. दशरथराव हे कधी बोलून दाखवत नसत. पण कर्वेनगरातल्या त्या घराच्या फाटकावर पाटी बसवताना स्क्रू त्यांनी गरजेपेक्षा जास्त आवळले, हे त्यांच्या बायकोनं, नंदाताईंनी, पाहिलं.

घर जुनं, बैठं, पण भिंती जाड. मूळच्या गावातल्या दोघा भावांनी आपल्या शेताच्या तुकड्यावर समोरासमोर दोन घरं बांधली होती. मधून एक गाडी जाईल एवढा शहाबादी फरशीचा रस्ता. तो दोघांचा सामाईक. फाटकही एकच. रस्त्याच्या टोकाला, थोरल्याच्या बाजूला, एक बुटकं गॅरेज, लोखंडी शटरचं. थोरला दत्तोबा. तो गेला, त्याच्या मुलानं घर दशरथरावांना विकलं. समोरच्या घरात धाकट्याची विधवा राहत होती, मथुराबाई. एकटी.

रोज सकाळी दशरथराव अख्खा रस्ता झाडत. आपली बाजू, तिची बाजू, सगळा. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मथुराबाई पायरीवर येऊन उभी राहिली.

"साळवे, अर्धाच झाडा. नाहीतर उद्या म्हणाल, सगळा रस्ता माझा."

"झाडलाय तो परत घाण करून देऊ का?"

म्हातारी हसली. तेव्हापासून दोघांचं जमलं. ती अळूची पानं द्यायची, हे तिच्या नळाचा वॉशर बदलून द्यायचे. आभार कुणीच कुणाचे मानत नव्हतं.

गॅरेज दशरथरावांनी स्वतः धुतलं. आत काही नव्हतं. जमिनीवर फक्त तेलाचा एक जुना डाग होता, तोही घासून काढला. शटरला ग्रीस दिलं, नवं कुलूप लावलं आणि आत आपली स्कूटर उभी केली. एवढ्याशा स्कूटरला आख्खं गॅरेज. खडकीत ती झाडाखाली उभी असायची, रात्रभर कावळे तिच्यावर रांगोळी काढायचे.

मथुराबाई हे सगळं पाहत होती. संध्याकाळी तिनं त्यांना रस्त्यातच थांबवलं. आवाज खाली आणून म्हणाली, दिवेलागणीला गॅरेजपाशी कुणी निरोप घेतला तर उत्तर देऊ नका.

दशरथरावांना काही कळेना. कसला निरोप?

"'येतो' म्हणतील. आपण तोंडातून 'या' म्हणतो ना... ते म्हणू नका. गप राहिलात तर आपले आपण निघून जातात. आणि 'जा' तर अजिबात म्हणू नका."

"का?"

"एकदा म्हटलं गेलंय."

एवढं बोलून ती आत गेली. दार ओढून घेतलं.

दशरथरावांनी हे नंदाताईंना हसत सांगितलं. वडिलांनी धम्मदीक्षा घेतली त्या दिवसापासून साळव्यांच्या घरात भूत नाही, देवऋषी नाही, लिंबूमिरची नाही. ही त्यांच्या घराण्याची मोठी गोष्ट होती आणि तिचा त्यांना घराइतकाच अभिमान होता. नंदाताई हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, की ती बाई खोटं बोलणारी वाटत नाही.

पुढच्या रविवारी घराचा कार्यक्रम झाला. भंतेजींनी परित्राणपाठ केला. खीर वाटली. खडकीची सगळी मंडळी आली. कुणी भिंतीवर बुक्की मारून पाहिली, कुणी पाटीवरून बोट फिरवलं. एक जण म्हणाला, साळवे, फाटकापासून दारापर्यंत यायला रिक्षा ठेव. दशरथराव हसले नाहीत, पण मान थोडी वर झाली.

जेवणं गॅरेजसमोरच्या मोकळ्या जागेत झाली. ऊन उतरलं, तशी मंडळी निघू लागली. दशरथराव शटरकडे पाठ करून उभे होते. एकेक जण समोर यायचा. "येतो, दशरथ." "या." "येतो, दादा." "या, या." निघताना जातो म्हणायचं नाही, आणि निघणाऱ्याला जा म्हणायचं नाही, हे लहान पोरालाही कळतं. पण त्या दिवशी त्या 'या'ला वजन होतं. स्वतःच्या फाटकातून पाहुण्यांना निरोप देणाऱ्याचा तो 'या' होता.

शेवटचा माणूस रस्त्यावरून फाटकाबाहेर गेला. फाटकाची कडी पडली. नंदाताई आत भांडी आवरत होत्या. रस्त्यावरचा दिवा अजून जोडलेला नव्हता, फरशी काळी पडत चालली होती. कुठेतरी पेट्रोलचा वास आला. जुन्या रेक्झिनचा, ऊन खाल्लेल्या गाडीचा वास.

"येतो बरं का."

"या," दशरथराव म्हणाले.

मग त्यांच्या लक्षात आलं, की आवाज मागून आला होता.

ते वळले. शटर खाली होतं. कुलूप जागेवर. किल्ली त्यांच्या सदऱ्याच्या खिशात. समोर मथुराबाईची खिडकी दिवसभर उघडी होती. ती हळूच बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडताना गॅरेजच्या तोंडाशी फरशीवर तेलाचा थेंब दिसला. ताजा, काळा. त्यांनी स्कूटर तपासली. स्कूटर कोरडी होती. थेंब पुसून टाकला. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी शटरच्या आत गाडीचं दार लागल्यासारखा आवाज झाला, जड आणि बोदा. मग फरशीवरून चाकं फिरली. सावकाश. फाटकाकडे नाही. घराकडे. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली येऊन थांबली. नंदाताईंनी लाटणं खाली ठेवलं. दशरथराव बाहेर गेले. रस्ता रिकामा होता.

त्यानंतरच्या सकाळी थेंब खिडकीखाली होता. मग पायरीवर. मग उंबऱ्याच्या आत. दशरथराव रोज पुसत होते. फडकं, साबणाचं पाणी, घासणी. कारखान्यात जन्म गेलेला माणूस, तेलाला काय भिणार? पण एका सकाळी थेंब दिवाणखान्यात होता, त्यांच्याच वेताच्या खुर्चीखाली. त्या दिवशी ते चहा उभ्यानं प्यायले.

नंदाताई म्हणाल्या, "अहो, घर विकू या."

"आणि पाटी? तिचं काय करू?"

"उशाला घ्या." नंदाताई शांतपणे म्हणाल्या. "उद्या पुन्हा डाग दिसला तर मी बहिणीकडे चालले. तुम्ही राहा पाटीपाशी."

त्या बोलतात तसं करतात, हे दशरथरावांना ठाऊक होतं. म्हणजे एक तर घर जाणार, नाहीतर घरातलं माणूस. दुपारी ते मथुराबाईच्या पायरीवर गेले. तिच्याकडे काही मागायची ही त्यांची पहिलीच वेळ. सवयीनं तोंडातून 'या' गेलं, हे त्यांनी सरळ सांगितलं.

म्हातारीनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, दमलेला माणूस हाय. बोलावलंत म्हणून आलाय. बसंल, मग निरोप घेईल. तुम्ही तोंड उघडू नका. आपला आपण उठून जाईल.

दशरथरावांनी विचारलं, किती दिवस?

ते तिला माहीत नव्हतं. ती सांगत होती ते फरशीकडे बघत. दत्तोबा भावोजी गेले त्या दिवशीही भांडण या रस्त्यावरूनच झालं होतं. गाडी मधे उभी होती, ती काढा म्हणून. भावोजींनी मुकाट्यानं गाडी काढली. फाटकाशी थांबून 'येतो' म्हणाले. या पायरीवरून त्यांना उत्तर मिळालं. वारज्यापर्यंतसुद्धा पोचले नाहीत, ट्रकखाली गेले.

"म्हणून सांगते, साळवे. तो शब्द पुन्हा नको."

"माझ्या घरात कुणाला बसवायचं, ते मी ठरवीन," दशरथराव म्हणाले आणि उठले.

संध्याकाळी त्यांनी नंदाताईंना आतल्या खोलीत बसवलं. स्वतः दिवाणखान्यात, वेताच्या खुर्चीसमोर स्टूल घेऊन बसले. दिवा लावला नाही. बाहेर शेजारच्या सोसायटीत कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. मग त्या दूर गेल्यासारख्या झाल्या. पेट्रोलचा वास आला. चाकं फिरली, थांबली. दार वाजलं नाही. खुर्चीचा वेत मात्र करकरला, आधी थोडा, मग पूर्ण वजनानं. कुणीतरी दमून बसावं तसा.

दशरथराव हलले नाहीत. समोर काहीच दिसत नव्हतं, फक्त खुर्चीची बैठक खाली दबलेली होती.

बऱ्याच वेळानं वेत पुन्हा करकरला. बैठक वर आली.

"येतो... बरं का."

आवाजात राग नव्हता. विनवणीही नव्हती. उत्तराची वाट बघत होता, एवढंच. गप राहिलं असतं तरी चाललं असतं. पण आपल्याच घरात गप राहायचं? क्वार्टरमध्ये आयुष्यभर गप राहिलेला माणूस होता तो.

"घर माझं आहे," दशरथराव म्हणाले. "जा."

काही क्षण काहीच झालं नाही. मग बाहेर चाकं फिरली, या वेळी फाटकाकडे. कडी उचलली गेली, पडली. वास गेला. कुकरच्या शिट्ट्या पुन्हा ऐकू आल्या. समोरच्या घरात हातातलं भांडं खाली पडल्याचा आवाज झाला, आणि ते उचलल्याचा आवाज काही आला नाही.

सकाळी खुर्चीखाली फरशी कोरडी होती. दुसऱ्या दिवशीही. नंदाताईंनी बांधलेली बॅग सोडली, खडकीहून आणलेलं शेवटचं खोकं उघडून कपबश्या फळीवर मांडल्या. दशरथराव वेताच्या खुर्चीत बसून चहा प्यायले. रस्ता झाडताना खराट्याचा आवाज जरा मोठा येऊ लागला. मथुराबाई मात्र पायरीवर येईनाशी झाली.

पुढे एका संध्याकाळी घरातलं दूध नासलं. नंदाताई समोर गेल्या होत्या, मथुराबाईची विचारपूस करायला. दशरथरावांनी स्कूटर काढली, शटर ओढलं, कुलूप लावलं. स्कूटर ढकलत घराच्या दारावरून जाताना, आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाले, "येतो गं."

आणि मग त्यांना नंदाताई दिसल्या. समोरच्या पायरीवर मथुराबाईबरोबर मेथी निवडत बसल्या होत्या.

घरात कुणी नव्हतं.

उघड्या दारातून उत्तर आलं.

"जा."

तो दत्तोबाचा आवाज नव्हता. हा जाड होता, तुटक, यंत्रांच्या घरघरीत ओरडून ओरडून चरा पडलेला. तो आवाज दशरथराव ओळखत होते. जन्मभर त्याच आवाजात ते बोलत आले होते.

त्यांनी फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं. नाव बरोबर होतं. मागे दिवाणखान्यात वेताची खुर्ची करकरली, कुणीतरी नीट टेकून बसल्यासारखी.

समोर मथुराबाईच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली होती. तिला ऐकू गेलं होतं.

"साळवे..." ती म्हणाली. "आज राहू द्या दूध."

नंदाताईंनी मान वर केली. काय झालं, असं त्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाहू लागल्या.

निघालेला माणूस दोन बायकांसमोर अर्ध्या रस्त्यातून परत फिरलाय, असं दशरथराव साळव्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी खाली पाहिलं. फाटकाच्या पलीकडे, मोठ्या रस्त्याच्या डांबरावर तेलाचा एक थेंब होता. ताजा.

त्यांनी कडी उचलली.