उंबराचा उजेडवाटा

"अगंबाई! हे कसं शक्य आहे?"

चांद्रवस्तीच्या वनघराला लागून असलेल्या प्रयोगखोलीत, अणूंचं वजन सांगणाऱ्या अणुकाट्यासमोर बसलेली शरयू केळुसकर एकदम ओरडली. वाळल्या पानाचा चुरा तिने पुन्हा काट्यात घातला. उत्तर तेच आलं. संध्याकाळी सभा होती, सभेत उंबराचा निकाल लागायचा होता, आणि तिचा सगळा पुरावा आत्ताच ढासळला होता.

"झालं तरी काय?" दारातून भार्गवने विचारलं. भार्गव म्हणजे तिचा नवरा, वस्तीचा अर्थसल्लागार आणि उंबराचा काळ.

काळ नाही तर काय! मदतबंदीचा नियम त्यानेच आणला होता. जमिनीखालच्या या वस्तीत ऊन नाही. उजेड विजेचा आणि वीज मोजकी. जे झाड घेतलेल्या उजेडाच्या मानाने पुरेसा प्राणवायू देत नाही, त्याचा दिवा बंद. तीन महिने वाट पाहायची. तगलं तर 'स्वावलंबी', सुकलं तर उपटायचं. पहिल्याच फटक्यात उंबर सापडला. दोघांनी चंद्रावर आल्या वर्षी लावलेलं ते वस्तीतलं पहिलं झाड. त्यांना मूल झालं नाही, म्हणून शेजारीपाजारी उंबरालाच 'केळुसकरांचं लेकरू' म्हणायचे. पण पठ्ठ्याने लेकरासाठीसुद्धा अपवाद मागितला नाही. शरयूने त्याच्याशी अबोला धरला. मग एके दिवशी आमटी खारट झाली आणि बोलावंच लागलं.

गंमत अशी, की दिवा बंद होऊनही उंबर हिरवागार राहिला. मदतबंदीवाले खूश झाले. "बघा, टेकू काढला की झाड आपल्या पायावर उभं राहतं!" उंबराचाच दाखला देऊन दवाखान्याची वीजसवलतही बंद करायचा ठराव आज सभेत यायचा होता.

"माझा कयास होता की त्याला शेजारची जांभळं पोसतायत," शरयू म्हणाली. "मुळांना बुरशीचं जाळं असतं. त्यातून एका झाडाची साखर दुसऱ्याला जाते. म्हणून मी जांभळांना पिशव्या बांधल्या आणि आत जड कार्बनचा वायू सोडला. कार्बन तोच, फक्त वजनाला किंचित जास्त. त्यामुळे तो कुठे कुठे गेला ते काट्यावर कळतं. जांभळांनी घेतलेला उंबरात सापडला, की मदत शेजाऱ्यांची."

"मग? सापडला?"

"सापडला! पण पिशव्या बांधायच्या आधी तोडून ठेवलेल्या पानांतही सापडला. जांभळांच्या तेव्हाच्या पानांत मात्र नाही. आणि पिशव्या बांधल्यावर उंबरात तो जराही वाढला नाही. म्हणजे जांभळांनी काही दिलेलं नाही."

भार्गव दाराची कडी उगाच चाळवू लागला.

"वस्तीत जड कार्बन आणखी एकाच ठिकाणी मिळतो," शरयू सावकाश म्हणाली. "दवाखान्यात. पोट बिघडलं की जड कार्बनची साखर पाजतात आणि श्वास तपासतात. ती पानं तोडली त्या आठवड्यात पोटदुखीचा रोगी एकच होता, तू. तुझा श्वास उंबराने घेतला. पण श्वासातला कार्बन पकडायला पानाला उजेड लागतो, आणि दिवा तर बंद. मग उजेड कुणाचा होता, भार्गव?"

तो मान खाली घालून म्हणाला, "माझा. माझा ऊनदिवा."

हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून वस्तीतल्या प्रत्येकाला रोज तासभर ऊनदिवा मिळे. तो त्याचा उजेडवाटा.

"तरीच तुझे गुडघे धरले! आणि मी वेडी रोज तेल चोळत बसले!"

"दुपारी तू इथे काट्यापाशी असायचीस, तेव्हा उंबराकडे जायचो."

"आणि पानांना तोंड लावून बसायचास?"

"बोलायचो," भार्गव लाजला. "नुसतं बसून काय करणार?"

"काय बोलायचास?"

"हेच, की बाबा रे, सगळ्यांच्या ताटातलं काढून तुला वाढता येत नाही. माझ्या ताटातलं घे."

शरयूला रडूच फुटलं. इतके दिवस ती या माणसाला दगड समजत होती, आणि त्याची तिला फार लाज वाटली. पण डोळे पुसता पुसता तिच्या दुसरंच ध्यानात आलं.

"काय दिवे लावलेस अरे! आता उंबर स्वावलंबी ठरणार आणि त्याच्या जिवावर दवाखान्याची सवलत जाणार. दवाखाना अंधारात गेला, तर त्याला कुठला भार्गव आपला दिवा नेऊन देणार आहे?"

तो दाराच्या चौकटीला टेकला.

"गप्प बसलो, तर उंबर वाचतो."

"हो."

"खरं सांगितलं, तर उपटतात."

"हो," ती म्हणाली. त्याने गप्प बसावं असं तिला जिवापासून वाटत होतं. तसं ती म्हणाली मात्र नाही.

सभेत भार्गव उभा राहिला आणि सगळं सांगून मोकळा झाला. अध्यक्षा नफीसाबाई मुजावर नियमाला पक्क्या. त्या म्हणाल्या, "मग उंबर नापास. नियम तुमचाच आहे, भार्गवराव."

"माझाच," तो म्हणाला.

"थांबा!" शरयू उठली. इतका वेळ मनाला कुरतडणारी गोष्ट तिला आता नीट दिसली. "जड कार्बन फक्त खालच्या एका फांदीत आहे. तासभराच्या ऊनदिव्यावर तेवढीच फांदी जगेल. पण झाड तर शेंड्यापर्यंत हिरवं आहे. वरचा उजेड कुणाचा?"

शेवटी भटारखान्यातले बनसोडे खाकरले.

"उंबर दत्ताचं झाड, ताई. गुरुवारी त्याच्यापाशी दिवा नको? ज्योत पेटवायला इथे बंदी, म्हणून मी वरच्या सज्ज्यातून ऊनदिवा धरायचो. कुणाची चाहूल लागली की सटकायचो."

मग शाळेच्या बाईंचा हात वर आला. मग आणखी एक, मग ओळच्या ओळ.

"मी शुक्रवारी," नफीसाबाई टेबलाकडे बघत म्हणाल्या. "त्याच्या सावलीत बसलं की बरं वाटतं."

भार्गव आ वासून बघत होता. "बघ," तो बायकोच्या कानात कुजबुजला, "सरकार लागलं नाही."

"आणि आपल्या पायावरही उभं नव्हतं."

त्याने मान डोलावली. मग सभेकडे वळून विचारलं, "आता सांगा, दवाखान्यासाठी कोण कोण आपला दिवा देतं?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. एकही हात वर झाला नाही.

"मग त्याची सवलत चालू राहू द्या. माझा नियम मी मागे घेतो."

"आणि उंबराच्या नावापुढे काय लिहू?" नफीसाबाईंनी विचारलं.

"लिहा, गोतावळा मोठा आहे."

सभा हसत हसत उठली. घरी परतताना शरयू मात्र मागे मागे रेंगाळत होती.

"आता काय झालं? वाचला ना तो?"

"साऱ्या वस्तीत त्याला दिवा न दाखवणारी मी एकटीच निघाले रे," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त जीव माझा, आणि प्रयोग बिघडेल म्हणून मी लांब राहिले."

"तू लांब राहिलीस म्हणून खरं कळलं."

ते तिलाही पटत होतं, पण त्याने तिचं मन भरेना. घरी आल्यावर तिने खुंटीवरचा आपला ऊनदिवा काढला आणि पदराने पुसून दाराशी ठेवला.

"उद्या दुपारी तू घरी बसून गुडघे शेक," ती म्हणाली. "मी जाते त्याच्याशी बोलायला."